सोब्राल नगरीने मुलांचे वाचन ऐकले

मूल सहा वर्षांचे झाले, शाळेत त्याचे नाव घातले, वह्या-दप्तर घेऊन दिले, की आपले कर्तव्य पार पडले अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. शिक्षणखात्यांची समजूतही याहून फारशी निराळी असते असे नाही. पटावर मुले किती, हजेरी किती, वर्गखोल्या किती, शिक्षक किती, एवढे आकडे जुळले की वार्षिक अहवाल पुरा होतो. पण पटावरचे मूल वाचते काय, हा प्रश्न त्या अहवालात बहुधा नसतो. आणि तो नसतो म्हणूनच चौथी-पाचवीपर्यंत पोचलेली मुलेही समोर ठेवलेल्या चार ओळी वाचताना अडखळतात, याचा पत्ता कोणाला लागत नाही.

हा प्रश्न एका नगरपालिकेने स्वतःस विचारला, त्याचे कडू उत्तर ऐकून घेतले आणि मग आपल्या सगळ्या शाळांची घडी त्या एका प्रश्नाभोवती नव्याने बसविली. ती हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती ब्राझील देशातील सोब्राल नगरीची आहे. गाव दूरचे खरे, पण अगदीच परके नव्हे. तेथील भाषा पोर्तुगीज. गोव्यातील आमच्या वयोवृद्ध वाचकांपैकी कित्येकांनी त्याच भाषेतून पहिली अक्षरे गिरवली आहेत. आणि तेथील अडचणी, म्हणजे बेभरवशाचा पाऊस, रोजच्या मजुरीवर चालणारी घरे व वशिल्याच्या नेमणुका, आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

गाव आणि त्याचा अभिमान

सोब्राल हे ब्राझीलच्या ईशान्य भागात, सेआरा नावाच्या राज्यात, अकाराऊ नदीच्या काठी वसले आहे. राज्याची राजधानी फोर्तालेझा समुद्रकाठी. तेथून हे गाव सुमारे २३० किलोमीटर आत पडते. वस्ती सुमारे दोन लाख. भोवतालचा मुलूख काटेरी झुडपांचा आणि उन्हाचा. १८७७ ते १८७९ या तीन वर्षांच्या आणि पुन्हा १९१५ च्या दुष्काळात तेथील माणसे गावे सोडून परागंदा झाली. त्या आठवणी तेथील लोकजीवनात खोल रुतलेल्या आहेत.

असे असूनही विद्येच्या बाबतीत हे गाव स्वतःला कधी मागासलेले समजले नाही. २९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा इंग्रज ज्योतिर्विदांची एक तुकडी दुर्बिणी घेऊन सोब्रालला उतरली होती. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत खरे ठरविणारी उत्तम छायाचित्रे याच गावच्या आकाशातून टिपली गेली. त्याची स्मृती म्हणून तेथे ग्रहणाचे संग्रहालय उभे आहे. १९१५ मध्ये सोब्रालचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप दों जुझे तुपिनांबा दा फ्रोता यांनी १९५९ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, तेथे सेवा केली. इस्पितळ, सेमिनरी व एक नामांकित संग्रहालय त्यांच्या हातून उभे राहिले.

ज्या गावाला अशा संस्थांचा वारसा आहे, त्या गावची साधी मुले वाचू शकत नसतील, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आपल्याकडेही एखाद्या गावात जुने, नावाजलेले हायस्कूल असते, तेथून डॉक्टर-वकील निघालेले असतात, आणि त्याच हायस्कूलच्या भिंतीपलीकडे प्राथमिक शाळेतील मुले नुसती बसून असतात. वरच्या शिडीचा लौकिक पाहून खालच्या पायऱ्या तपासण्याचे राहून जाते.

इमारती झाल्या, पट भरला, पुढे काय?

१९९७ मध्ये सीद गोमेस सोब्रालचे नगराध्यक्ष झाले. शाळा सुधारावयाच्या, हे त्यांच्या मंडळीने प्रथमपासून ठरविले होते. पहिल्या चार वर्षांत त्यांनी जे केले, ते कोणतेही सद्हेतू असलेले नगरपालिका-मंडळ करील तसेच होते. इमारती दुरुस्त केल्या, नव्या वर्गखोल्या बांधल्या, परीक्षा घेऊन शिक्षक नेमले, शाळेबाहेरची मुले आत आणली. याच सुमारास, १९९८ पासून, ब्राझीलमध्ये मध्यवर्ती सरकारच्या कायद्याने प्राथमिक शाळांचा पैसा पटावरील मुलांच्या संख्येनुसार वाटला जाऊ लागला होता. त्यामुळे पट वाढविण्यात नगरपालिकांचा लाभही होता. चार वर्षांनी पाहावे तो शाळा रंगविलेल्या, वर्ग भरलेले, आणि लोक समाधानी.

तेव्हा कोणाला तरी सुचले की, मुले खरोखर काय शिकली ते एकदा पाहावे. २००० सालच्या अखेरीस ही तपासणी झाली. दुसरीचे वर्ष संपवीत असलेल्या मुलांपुढे साधा मजकूर ठेवून वाचावयास सांगितले. निष्पन्न असे झाले की, जवळजवळ निम्म्या मुलांना वाचता येत नव्हते. वरच्या वर्गांतही न वाचणारी मुले पुष्कळ सापडली. ही मुले शाळा चुकविणारी नव्हती. ती रोज येत होती, फळ्यावरचे वहीत उतरवून घेत होती, धडा पाठ म्हणत होती.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. न वाचणारे मूल वर्षानुवर्षे लपून कसे राहते? ज्याने शाळेत शिकविले आहे त्यास हे उमगेल. चाळीस मुलांच्या वर्गात बाई धडा वाचतात, सगळी मुले एका सुरात मागून म्हणतात. त्या सुरात न वाचणाऱ्याचाही आवाज मिसळून जातो. वहीतील अक्षर सुबक असते, कारण अक्षराची आकृती उतरविण्यास तिचा उच्चार माहीत असावाच लागतो असे नाही. परीक्षेत शेजाऱ्याकडे पाहून उत्तर लिहिता येते. पुढे वर्ग बदलतो, बाई बदलतात, आणि हे मूल आपल्याकडे असेच आले, असे प्रत्येक शिक्षक प्रामाणिकपणे म्हणू शकतो. मूल मात्र हळूहळू अशा निष्कर्षाला येते की दोष आपल्या डोक्याचाच आहे.

याच ईशान्य ब्राझीलमध्ये, शेजारच्या राज्यातील आंजिकोस या गावी, १९६३ मध्ये पावलू फ्रेइरे यांनी सुमारे ३०० प्रौढ मजुरांना चाळीस तासांच्या अभ्यासक्रमात लिहावाचावयास शिकविण्याचा प्रयोग केला होता, आणि त्याची कीर्ती जगभर झाली. पुढच्याच वर्षी लष्करी राजवट आली. फ्रेइरे यांना तुरुंग व देशत्याग पत्करावा लागला. फ्रेइरे यांच्यापुढे होते ते शाळेची पायरी न चढलेले लोक. सोब्रालपुढे निराळे संकट होते. येथे निरक्षर मूल शाळेच्या आतच, बाकावर बसलेले होते.

थोडी उद्दिष्टे, पण नेमकी

तपासणीचा निकाल दडपून टाकणे सोपे होते. निवडणूक नुकतीच जिंकलेली होती; शाळांवर खर्च केल्याचा लौकिक मिळाला होता. सोब्रालच्या मंडळींनी तो निकाल उघड केला, आणि २००१ पासून दुसऱ्या पर्वास आरंभ झाला. शिक्षणखात्याची धुरा ईवो गोमेस यांच्याकडे होती व त्यांच्या जोडीस इझोल्दा सेला या शिक्षणतज्ज्ञ बाई होत्या. पुढे त्याच खात्याच्या प्रमुख झाल्या. ईवो हे नगराध्यक्षांचे सख्खे बंधू, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. वशिला मोडावयास निघालेल्या मंडळींच्या घरातलेच हे नाते होते.

अशा वेळी बहुतेक खाती पन्नास कलमांची योजना छापतात. सोब्रालने उद्दिष्टे थोडी ठेवली. सहा-सात वर्षांच्या प्रत्येक मुलास वाचता आले पाहिजे, हे पहिले. वरच्या वर्गांत जी न वाचणारी मुले साचली आहेत त्यांनाही वाचावयास शिकवावयाचे, हे दुसरे. गळती थांबवावयाची व वयाने मागे पडलेल्या मुलांना योग्य वर्गात आणावयाचे, ही त्यांच्या पाठोपाठची. गणित, विज्ञान, संगीत, खेळ यांना महत्त्व नाही असे कोणी म्हटले नाही. परंतु वाचन हे पुढच्या सगळ्या विषयांचे दार आहे, आणि दारच बंद असेल तर आतील खोल्या कितीही सजवून उपयोग नाही, हे त्यांनी जाणले.

वाचन ऐकण्याची पद्धत

सगळ्या योजनेचा गाभा कोणता, असे कोणी विचारील तर आम्ही सांगू की, प्रत्येक मुलास एकटे बसवून त्याचे वाचन ऐकणे. सोब्रालमध्ये वर्षातून दोन वेळा, प्रत्येक सहामाहीस, हे होऊ लागले. ऐकणारी व्यक्ती त्या मुलाची रोजची बाई नसे. नगरपालिकेने नेमलेली बाहेरची मंडळी येत. मुलाने प्रथम शब्द वाचावयाचे, मग वाक्य, मग लहानसा उतारा. मूल कोठे थांबले ते नावासमोर लिहिले जाई.

आमच्या वाचकांना हे चटकन समजण्यासाठी आपलेच उदाहरण घेऊ. पोर्तुगीज शिकणारे मूल बा, बे, बी, बो, बू अशा अक्षरजोड्या शिकते. आपले मूल बाराखडी शिकते. कोणाला मुळाक्षरे येतात पण काना-मात्रा कळत नाही. कोणाला ‘कमळ’ वाचता येते पण ‘किल्ला’ आला की अडते. कोणी प्रत्येक शब्द सुटा वाचते पण वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरते. कोणी घडघडा वाचते, पण काय वाचले ते सांगू शकत नाही. ही चारही मुले परीक्षेत एकसारखीच ‘कच्ची’ ठरतात. परंतु प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. चौघांना एकच काढा पाजणारा वैद्य आपण शहाणा समजत नाही. मग वर्गात तसे का चालावे?

सोब्रालच्या तपासणीतून शाळेला वर्गाचा नुसता सरासरी आकडा मिळाला नाही. कोणत्या वर्गात कोणती मुले कोठे अडली आहेत, याची यादी मिळाली. ती यादी घेऊन मुख्याध्यापक व शिक्षक बसत, आणि पुढील सहा महिन्यांत कोणत्या मुलासाठी काय करावयाचे ते ठरत असे. सहा महिन्यांनी पुन्हा ऐकणारे येणार, हे सगळ्यांस ठाऊक असे.

त्याभोवतीची व्यवस्था

नुसते मोजून कोणी शहाणे होत नाही. वजनकाट्यावर दहा वेळा उभे केले म्हणून मुलाचे वजन वाढत नाही. त्यास जेवू घालावे लागते. सोब्रालने वाचनतपासणीभोवती जी व्यवस्था उभी केली, तिच्यातील मुख्य अंगे आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिले अंग मुख्याध्यापकांचे. त्या काळापर्यंत मुख्याध्यापकाची जागा ही राजकीय बक्षिसी होती. निवडणुकीत ज्याने मदत केली, त्याच्या माणसाला शाळा मिळे. २००१ मध्ये ही रीत बंद करून लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन मुख्याध्यापक निवडले जाऊ लागले. आपल्याच पक्षाच्या नगरसेवकांची नाराजी ओढवून घेणारे हे काम होते. ज्यांनी ते केले त्यांस त्याची राजकीय किंमत ठाऊक असणारच. निवडलेल्या मुख्याध्यापकांना मग पैसा खर्च करण्याचे व शाळा चालविण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि मुलांच्या वाचनाबद्दल जबाबदारही धरले. स्वातंत्र्य व जबाबदारी यांतील एकच वस्तू दिली तर काय होते, याचा अनुभव आपल्याकडच्या शाळांना भरपूर आहे.

दुसरे अंग शिक्षकांचे. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात व्याख्याने ऐकवून शिक्षकांना ‘प्रशिक्षित’ करण्याची पद्धत सोडून, दर महिन्याला शिक्षकांना एकत्र बोलावून पुढील महिन्यात वर्गात काय व कसे शिकवावयाचे याचाच सराव सुरू केला. उतारा कसा वाचून दाखवावा, अक्षरजोडी कशी फोड करून द्यावी, मागे पडलेल्या चौघांना वेळ कसा काढावा, असे हे अगदी व्यवहारातले शिक्षण. दिवसाच्या वेळापत्रकात वाचनास निश्चित जागा दिली. पहिलीचा वर्ग नवख्याच्या गळ्यात घालावा ही जुनी खोड मोडून, मुलांना वाचावयास शिकविण्यात ज्यांचा हातखंडा असे शिक्षक खालच्या वर्गांवर नेमण्यावर भर दिला. ज्या वर्गांनी उद्दिष्ट गाठले त्यांच्या शिक्षकांस वेतनाखेरीज बक्षीस रक्कम मिळू लागली.

तिसरे अंग शाळांच्या जुळणीचे. वाड्यावस्त्यांवर एकेका खोलीच्या शाळा होत्या. तेथे एकच शिक्षक निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र घेऊन बसे. अशा शाळा बंद करून मुलांना वाहनाने मोठ्या शाळांत नेण्यात आले. शाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. हे पाऊल सरसकट अनुकरणीय आहे असे आमचे मत नाही. दूरच्या वाडीतील लहान मुलीची शाळा बंद झाली आणि वाहन आले नाही, तर तिचे शिक्षणच संपते, हे आपल्या डोंगरी भागात आपण पाहतो. सोब्रालने वाहनांची सोय केली म्हणून ते निभावले; सोय न करता केवळ पैसे वाचविण्यासाठी शाळा मिटविणाऱ्यांनी त्यांचे नाव घेऊ नये.

चौथे अंग मागे राहिलेल्यांचे. तिसरी-चौथीत बसलेली पण न वाचणारी मुले हा कोणत्याही सुधारणेतील अवघड भाग असतो, कारण नव्या पहिलीकडे लक्ष देणे नेहमीच अधिक सुखाचे. सोब्रालने या मुलांसाठी वेगळे वर्ग चालविले व त्यांना आरंभापासून वाचन शिकविले.

फळ काय मिळाले

तीन-चार वर्षांत पहिलीच्या मुलांपैकी दहांतील सुमारे नऊ मुले वाचू लागली. हा झाला गावाचा स्वतःचा हिशेब. त्यास बाहेरचा पुरावाही पुढे मिळाला.

ब्राझीलमध्ये २००५ पासून दर दोन वर्षांनी प्रत्येक नगरपालिकेच्या शाळांचा एक निर्देशांक काढला जातो. तो काढण्याची रीत मोठी मार्मिक आहे. मुलांच्या भाषा व गणित यांच्या परीक्षेतील गुणांना, किती मुले उत्तीर्ण होऊन वर गेली त्या प्रमाणाने गुणतात. एखाद्या शाळेने कच्ची मुले नापास करून परीक्षेतील गुण वाढविले, तर दुसरा आकडा घसरतो. सगळ्यांस न शिकविताच वर ढकलले, तर पहिला आकडा घसरतो. म्हणजे शिकविल्यावाचून सुटका नाही. शून्य ते दहा असे त्याचे मोजमाप आहे.

२००५ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी सोब्रालचा अंक ४.० होता व देशाचा ३.८, म्हणजे गाव सामान्यच होते, आणि देशातील साडेपाच हजार नगरपालिकांत त्याचा क्रमांक हजाराच्याही पलीकडे लागत होता. २०१५ मध्ये सोब्रालचा अंक ८.८ झाला. २०१७ मध्ये तो ९.१ झाला, तेव्हा देशाचा अंक ५.८ होता, आणि सोब्राल साऱ्या ब्राझीलमध्ये पहिले आले. सांव पावलूसारख्या संपन्न राज्यांतील नगरे मागे राहिली आणि दुष्काळी मुलुखातील हे गाव पुढे गेले.

सोब्रालचा धडा राज्यानेही घेतला. सीद गोमेस २००७ मध्ये सेआराचे राज्यपाल झाले (तेथे राज्यपाल लोकांनी निवडलेला, खरा कारभारी असतो) आणि इझोल्दा सेला राज्याच्या शिक्षणखात्याच्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी राज्यातील सर्व १८४ नगरपालिकांसाठी ‘योग्य वयात साक्षरता’ या नावाची योजना सुरू झाली. तिच्यापाठोपाठ एक कायदा आला, तो आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. राज्याच्या विक्रीकरातून नगरपालिकांना जो वाटा जातो, त्याचा चौथा हिस्सा कसा वाटावा हे ठरविण्याचा अधिकार राज्याला होता. त्या पंचवीस भागांपैकी अठरा भाग आता मुलांच्या शिक्षणातील फळानुसार वाटावयाचे ठरले. रस्ते, मिरवणुका, स्वागतकमानी यांत रमलेल्या नगराध्यक्षालाही मग दुसरीतील मुलांच्या वाचनाची चौकशी करणे भाग पडले. शिवाय, उत्तम ठरलेल्या शाळेला बक्षीस देताना एक अट घातली: तिने एका मागे पडलेल्या शाळेचा हात धरावा, बक्षिसाचा काही भाग त्यानंतरच मिळेल.

शंकांचाही विचार करावा

कोणत्याही यशोगाथेकडे डोळे मिटून पाहू नये. सोब्रालवर जे आक्षेप घेतले जातात ते वाचकांपुढे न ठेवणे अयोग्य होईल. परीक्षेचे गुण एवढे महत्त्वाचे झाले की शाळा परीक्षेपुरतेच शिकवू लागतात. ज्यांची परीक्षा नाही ते विषय मागे पडतात. शिक्षकांवर ताण येतो. बक्षिसाचा पैसा गुणांवर अवलंबून असला की गुण फुगविण्याचा मोह कोठेतरी डोके वर काढतोच. हे धोके खरे आहेत. त्यांवर एकच उपाय आम्हांस दिसतो: मोजणारा व मोजला जाणारा वेगवेगळे असावेत, आणि तपासणीचा उद्देश मुलास मदत करणे हा आहे, याचा विसर पडू नये.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. १९९७ पासून दोन दशकांहून अधिक काळ सोब्रालची सत्ता बहुतांशी एकाच राजकीय गटाकडे राहिली. दरवेळी नवा अधिकारी येऊन जुनी योजना मोडीत काढतो, तसे तेथे झाले नाही; यशाचे हे एक मोठे कारण, हे नाकारता येणार नाही. मग सत्ता बदलली तर? २०२४ च्या निवडणुकीत ती बदललीच. ज्या इझोल्दा सेला यांनी या कामात आयुष्याची वर्षे घातली आणि ज्या २०२२ मध्ये राज्यपालपदापर्यंत पोचल्या होत्या, त्याच नगराध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. लोकशाहीत असे होतेच. पण आता सोब्रालची खरी कसोटी आहे. चांगली रीत ही काही माणसांच्या मालकीची होती की गावाची झाली होती, हे यापुढे दिसेल. आईबापांना जर आपल्या सात वर्षांच्या मुलाने वाचलेच पाहिजे अशी सवय लागली असेल, तर कोणत्याही पक्षाला ती मोडणे सोपे जाणार नाही.

आपल्या घरी आणि आपल्या शाळेत

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातही मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकण्याची रीत अपरिचित नाही. २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ या नावाची पाहणी ग्रामीण भागात होत आली आहे. स्वयंसेवक घरी जातात आणि मुलास अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट असे क्रमाने वाचावयास देतात. २०२४ च्या पाहणीत तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले शंभरात सुमारे २७ निघाली. भारत सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ योजना जाहीर करून, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपविणाऱ्या प्रत्येक मुलास समजून वाचता यावे असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य सोब्रालसारखेच आहे. पण लक्ष्य राजधानीत ठरते आणि वाचन खेड्यातल्या बाकावर होते. या दोहोंमध्ये जिल्हा असतो, तालुका असतो, केंद्रशाळा असते. सोब्रालने आपले काम केले ते या मधल्या पायरीवर.

आपल्या वाचकांच्या घरांत आणखी एक गुंता आहे, जो सोब्रालला नव्हता. तेथे घरची व शाळेची भाषा एकच. आपल्याकडे बेळगावच्या मुलाच्या घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी. गोव्यात कोकणीची भर. बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व उर्दू. अशा मुलाला इंग्रजी पुस्तक घडघडा वाचताना पाहून आईबाप संतोष पावतात. त्यांनी पुस्तक मिटून एवढेच विचारावे, ‘बाळ, काय वाचलेस ते मला आपल्या बोलीत सांग.’ मूल गप्प राहिले, तर ते अक्षरांचे उच्चार करीत होते, वाचीत नव्हते, असे समजावे. कळणाऱ्या भाषेत वाचन एकदा पक्के झाले, की दुसऱ्या भाषेचे दार उघडण्यास मग वेळ लागत नाही. म्हणून शाळा कोणत्याही माध्यमाची असो, घरात मराठी वाचन जपणे हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हे; मुलाच्या सगळ्या पुढच्या अभ्यासाचा तो पाया आहे.

शाळांच्या चालकांना व पालकसंघांना आमची विनंती थोडकीच आहे. या वर्षी नवा संगणककक्ष किंवा नवे प्रवेशद्वार यांचा विचार करण्यापूर्वी दुसरीच्या व तिसरीच्या प्रत्येक मुलाचे वाचन एकेकट्याने ऐकून घ्या. त्या वर्गाच्या बाईंना परीक्षेला बसविल्यासारखे वाटू नये, म्हणून शेजारच्या शाळेतील शिक्षकांना बोलवा आणि तुमच्या शिक्षकांना तिकडे पाठवा. मुलांची नावे व ती कोठे अडतात याची यादी करा. ती भिंतीवर लावू नका, शिक्षकांच्या हाती द्या. निवृत्त शिक्षक, घरी मोकळ्या असलेल्या शिकलेल्या भगिनी, महाविद्यालयात जाणारी मुलेमुली यांना त्या यादीतील दोन-दोन मुले वाटून द्या. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास पुरे. सहा महिन्यांनी पुन्हा ऐका. याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि खर्चही फार येत नाही. लागते ती आलेला आकडा, तो कितीही लाजिरवाणा असो, खरा लिहिण्याची तयारी.

आणि आईबापांना सांगणे एवढेच की, रात्री जेवणे उरकल्यावर दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन त्याच्या तोंडून चार ओळी ऐकाव्या. आईला स्वतःला वाचता येत नसले तरी ती ऐकू शकते. मूल कोठे अडखळले, कोठे घाईघाईने पुढे पळाले, हे तिच्या कानाला कळते. ते दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगावे. अडखळणाऱ्या मुलावर रागावू नये, आणि भावंडाशी त्याची तुलना तर कधीच करू नये.